पारेखवाडीतला घरगुती रेडिओ



मागच्या पावसाळ्यात आपलं केंद्र तीन दिवस मुकं झालं होतं, आठवतंय ना? तुमचे फोन येत होते, ‘अगं, बंद केलंत की काय रेडिओ?’ आम्ही चौघीजणी त्या खोलीत बसून ट्रान्समीटरच्या खोक्याकडे नुसत्या बघत होतो. दिवा लागत होता, आतला पंखा फिरत होता, आवाज मात्र बाहेर जात नव्हता. दुरुस्ती करणारे दादा लग्नाला परगावी गेलेले. चौथ्या दिवशी ते आले, गच्चीवर चढले. अँटेनाच्या वायरीच्या जोडात पाणी शिरलं होतं. त्यांनी ते पुसलं, जोड घट्ट केला, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि खाली येऊन चहा मागितला. पंधरा मिनिटांचं काम. आमच्यातली एक जण म्हणाली, ‘एवढंच होतं? मग हे आपल्याला आजवर कुणी शिकवलं का नाही?’

तिच्या या प्रश्नामुळे मला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटली. गोष्ट मुंबईची आहे, १९४२ सालची. तिच्यात बावीस वर्षांची एक मुलगी आहे, सुटे भाग जोडून केलेलं एक खोकं आहे आणि ते खोकं तयार करणारा एक माणूस आहे. त्या मुलीचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. उषा मेहता.

पण आधी खोक्याची गोष्ट, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

रेडिओ म्हटलं की आपल्याला वाटतं, मोठी इमारत, मोठा मनोरा, सरकारी काम. पण रेडिओच्या सुरुवातीपासून जगभर एक वेगळी जमात आहे. हौशी रेडिओवाले. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. ही माणसं घरातल्या टेबलावर स्वतः यंत्र जोडतात, छपरावरून नाहीतर झाडाला बांधून तार ताणतात आणि दूरवरच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलतात. त्यांना गाणी वाजवायची नसतात, जाहिराती करायच्या नसतात. आपण केलेल्या यंत्रातून आपला आवाज कुठवर पोचतो, हे बघण्यातच त्यांचा आनंद. आपल्या देशात १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना असा पहिला परवाना मिळाला. त्यानंतरची पंधरा वर्षं गेली तरी सगळ्या देशात परवानेवाले पन्नासही नव्हते आणि त्यातले बरेचसे इंग्रज लष्करी अधिकारी होते.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. सरकारला हेरगिरीची भीती वाटली. नवे परवाने बंद झाले आणि ज्यांच्याकडे यंत्रं होती त्यांनी ती पोलिसांत जमा करावीत असे लेखी हुकूम निघाले. म्हणजे त्यानंतर घरात बोलतं यंत्र ठेवणं हाच गुन्हा झाला.

आता उषाताईंकडे येऊ. त्यांचा जन्म १९२० चा, सुरतजवळच्या सरस या गावातला. वडील इंग्रजांच्या नोकरीत न्यायाधीश. तरीही आठ वर्षांची असताना ही पोर सायमन कमिशनच्या विरोधातल्या मोर्चात घोषणा देत चालली होती. वडील निवृत्त झाल्यावर काही काळाने कुटुंब मुंबईला आलं. उषाताई विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि १९४२ मध्ये कायद्याचा अभ्यास करत होत्या.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसकट सगळे मोठे पुढारी पकडले गेले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. कुठे गोळीबार झाला, कुठे संप झाला, कुठल्या गावावर लष्कर गेलं, हे छापायची सोय उरली नाही. सरकारी रेडिओ सरकारचंच सांगायचा. लढा गावोगाव चालू होता, पण एका गावाला दुसऱ्या गावाचं कळत नव्हतं.

मैत्रिणींनो, हे आपण ओळखतो. आपल्याच घरात काय चाललंय हे शेजारणीला कळू दिलं नाही, की प्रत्येकीला वाटतं, सोसणारी मी एकटीच. बातमी अडवली की माणूस एकटं पडतं. त्या वेळी सगळ्या देशाला असं एकटं पाडलं जात होतं.

उषाताई आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं की आपला रेडिओ काढायचा. बरोबर होते विठ्ठलदास खाकर, ज्यांना सगळे बाबूभाई म्हणत, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी. पुढे डॉ. राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन मिळालं. पैशाचा प्रश्न आला तेव्हा एका नातेवाईक बाईंनी आपले दागिने देऊ केले होते, असं उषाताईंनी नंतर आठवणींत सांगितलं. ते दागिने त्यांना घ्यावेसे वाटले नाहीत. पैसे उभे करायचं काम बाबूभाईंनी अंगावर घेतलं.

आणि यंत्र? ते बाजारात मिळणार नव्हतं. ते घरीच करावं लागणार होतं. मुंबईत नरीमन प्रिंटर नावाचे एक हौशी रेडिओवाले होते. तंत्रज्ञ माणूस. त्यांनी सुटे भाग जमवून ट्रान्समीटर उभा केला. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांची सामानाच्या आणि माणसांच्या बाबतीत मदत झाली. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी.

असलं खोकं काम कसं करतं, ते साध्या शब्दांत सांगते. विहिरीत खडा टाकला की लाटा काठापर्यंत जातात. रेडिओच्या लाटाही तशाच पसरतात, फक्त त्या दिसत नाहीत. यंत्रात गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची एक पातळ चकती असते, तिला क्रिस्टल म्हणतात. वीज दिली की ती ठरलेल्या वेगाने थरथरते आणि त्यातून लाट तयार होते. ही लाट म्हणजे रिकामी बैलगाडी समजा. तुमचा आवाज माइकमधून विजेच्या रूपात येतो, तो या गाडीत भरलेला माल. मग काचेच्या नळ्यांसारखे दिसणारे व्हॉल्व्ह त्या लाटेला बळ देतात आणि शेवटी अँटेनाच्या तारेवरून ती गाडी आकाशात सुटते. ऐकणारीच्या रेडिओत गाडी थांबते, माल उतरतो आणि आवाज कानावर येतो.

काँग्रेस रेडिओची लाट ४२.३४ मीटर लांबीची होती. म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार हेलकावे. अशा लाटेसाठी तिच्या साधारण निम्म्या लांबीची तार चांगली चालते. निम्मी म्हणजे एकवीस मीटर. अडीच नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरली की होईल तेवढी. मुंबईतल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर एवढी तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसेल.

या लांबीच्या लाटांचा एक गुण आहे. त्या सरळ वर जातात, हवेच्या फार उंच थराला धडकतात आणि परत जमिनीवर येतात. मांडवाच्या छताला लागून चेंडू पलीकडे पडावा तशा. त्यामुळे लहान यंत्राचा आवाजसुद्धा शेकडो कोस जाऊ शकतो, त्यातही अंधार पडल्यावर जास्त. आपल्या केंद्राची लाट वेगळी आहे. ती जेमतेम सव्वातीन मीटरची आणि सरळ रेषेत जाणारी, म्हणून डोंगराआडच्या वस्तीला आपण ऐकू येत नाही. मुंबईतल्या त्या लहानशा खोक्याचा आवाज मात्र परप्रांतांत ऐकू जात होता.

ऑगस्टअखेर हे गुप्त केंद्र बोलू लागलं. ‘हिंदुस्तानातल्या कुठल्या तरी ठिकाणाहून’ काँग्रेस रेडिओ बोलतो आहे, असं उषाताई सांगायच्या. ठिकाण अर्थातच सांगायचं नाही. कार्यक्रम हिंदीत आणि इंग्रजीत असे. आधी दिवसातून दोनदा, पुढे फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. सुरुवातीला इक्बालांचं ‘हिंदुस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप अशा दाबलेल्या बातम्या त्यांनी दिल्या.

आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरची बातमीही त्यांनी दिली. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे लोक उठले, पोलीस मारले गेले, आपली माणसंही पडली. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर आणि पोलीस घुसले आणि तिथल्या बायकांवर अत्याचार झाले. वर्तमानपत्रांना यावर लिहायची बंदी होती. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी उपोषण केलं, तर त्या उपोषणाचीही बातमी छापू देत नव्हते. जरा विचार करा. आपल्या अंगावर असं काही गुदरलं आणि ते कुठेच उमटलं नाही, तर? जणू झालंच नाही. म्हणून सांगते, ते खोकं म्हणजे हौशी पोरांचा खेळ नव्हता. चिमूरच्या बायकांचं दुःख दाराबाहेर नेणाऱ्या थोड्या वाटांपैकी ती एक वाट होती.

पोलीस अर्थातच मागावर होते. रेडिओचा ठावठिकाणा शोधता येतो. गोल आकाराची अँटेना गाडीवर लावायची आणि फिरवत राहायची. ठरावीक दिशेला आवाज मोठा किंवा बारीक होतो, त्यावरून दिशा कळते. एका ठिकाणाहून एक रेघ, दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी. नकाशावर दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे यंत्र. म्हणून हे लोक बिऱ्हाड हलवत राहिले. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी. भाषणं एका जागी रेकॉर्ड करायची आणि ती तबकडी दुसऱ्या जागी नेऊन वाजवायची, म्हणजे एक जागा सापडली तरी सगळे सापडू नयेत. दर थोड्या दिवसांनी नवी खोली, नवे शेजारी, पुन्हा तार बांधायची, पुन्हा सामान जोडायचं. हे तीन महिन्यांच्या आसपास चाललं.

गंमत अशी, की पोलीस रोज कान लावून बसत आणि ऐकलेलं लिहून घेत. ते कागद सरकारी दप्तरात राहिले. काँग्रेस रेडिओ काय बोलत होता, हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं त्या पोलिसी टिपणांमुळे. ज्यांनी आवाज बंद करायचा, त्यांनीच तो जपून ठेवला.

१२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला. उषाताई तिथून निसटल्या आणि रेकॉर्डिंगच्या जागी आल्या. तिथे डॉ. लोहिया आणि इतर मंडळी होती. धोका दारात आलाय हे सगळ्यांना कळत होतं. तरी ठरलं की आजचा कार्यक्रम चुकवायचा नाही. उषाताई चंद्रकांतभाईंना घेऊन गिरगावातल्या पारेखवाडीत गेल्या. यंत्र तेव्हा तिथे होतं. कार्यक्रम झाला. शेवटची ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत असताना पोलीस दारं फोडत आत आले. एक नाही, तीन दारं फोडली. तबकडी थांबवा, असा हुकूम झाला. उषाताईंनी ती थांबवली नाही.

मुंबईतलं ते केंद्र त्या रात्री बंद पडलं.

पोलिसांना पारेखवाडी दाखवली कुणी? नरीमन प्रिंटर यांनी. ज्यांनी यंत्र बांधलं, त्यांनीच. ते आधी पोलिसांच्या हाती लागले होते आणि पुढे खटल्यात माफीचे साक्षीदार झाले.

इथे आपण थोडं थांबू. हौशी रेडिओच्या इतिहासात प्रिंटर यांचं नाव आदराने येतं, कारण बंदीच्या काळात यंत्र उभं करायची करामत त्यांची होती. स्वातंत्र्याच्या इतिहासात तेच नाव फितूर म्हणून येतं. दोन्ही खरं आहे. पोलीस कोठडीत माणसावर काय दबाव येतो, ते बाहेर बसून बोलणं सोपं आहे. त्यांना शिव्या घालण्यासाठी मी ही गोष्ट सांगत नाहीये. मला दिसतं ते वेगळंच. उषाताई धाडसी होत्या, हुशार होत्या, बातम्या जमवणं, बोलणं, जागा बदलणं सगळं त्यांच्या हातात होतं. पण यंत्राची माहिती दुसऱ्याच्या हातात होती. तो माणूस फिरला आणि सगळंच गेलं.

पुढे उषाताईंना महिनोन्‌महिने एकटं कोठडीत ठेवलं, प्रश्नांची सरबत्ती केली. साथीदारांची नावं सांगितलीस तर परदेशी शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवलं. त्यांनी तोंड उघडलं नाही. कोर्टात त्यांनी विचारलं, की मला उत्तर देणं भाग आहे का? नाही म्हटल्यावर त्या गप्प राहिल्या. ज्यांनी तीन महिने सगळ्या देशाला ऐकू जाईल असं बोलायचं धाडस केलं, त्यांनी कुणाला वाचवायची वेळ आली तेव्हा गप्प राहायचंही धाडस केलं. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाताईंना चार वर्षं, चंद्रकांतभाईंना एक वर्ष अशी शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. उषाताई पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या, १९४६ मध्ये बाहेर आल्या. तब्येत खचलेली होती. तरी पुढे गांधीविचारावर डॉक्टरेट केली, विल्सन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, मुंबईच्या मणिभवनाचं काम पाहिलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.

स्वातंत्र्य आलं, इंग्रज गेले. पण बिनतारी यंत्रावर मालकी सरकारची, हे सांगणारा १८८५ चा तार कायदा राहिला. कायदा तोच, फक्त मालक बदलला.

आता साठ वर्षं पुढे येऊ. आंध्र प्रदेशात कर्नूल जिल्ह्यात ओर्वकल नावाचं गाव आहे. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी २००२ मध्ये स्वतःचा रेडिओ सुरू केला. नाव ‘मना रेडिओ’, म्हणजे आपला रेडिओ. अगदी कमी ताकदीचा, गावापुरता ट्रान्समीटर. बायाच बोलायच्या, बायाच ऐकायच्या. २००३ च्या सुरुवातीला अधिकारी आले आणि परवाना नाही म्हणून सामान जप्त करून घेऊन गेले. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरचा राघव महतो हा दुरुस्ती करणारा तरुण. त्याने स्वस्तातले भाग जोडून घरगुती एफएम केंद्र चालवलं, आसपासच्या गावांत ते लोकांना आवडलं होतं. २००६ मध्ये तेही बंद केलं गेलं.

यात कायद्याची बाजूही आहे, ती सोडून बोलणं बरोबर नाही. आकाश सगळ्यांचं आहे, म्हणूनच तिथे नियम लागतात. दोन केंद्रं एकाच लाटेवर बोलली तर कुणाचंच ऐकू येणार नाही. विमानांचं, पोलिसांचं, रुग्णवाहिकांचं बोलणंही याच आकाशातून जातं. पाणवठा गावाचा असला तरी पाळी लावावीच लागते. पण पाळी लावणं वेगळं आणि काही जणींना पाणवठ्यावर येऊच न देणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं होतं, की या लाटा जनतेची मालमत्ता आहेत. तरी गावातल्या संस्थांना दार उघडायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. त्या धोरणानंतर २००८ मध्ये आताच्या तेलंगणातल्या माचनूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचा ‘संघम रेडिओ’ सुरू झाला, तो चालवणाऱ्या दलित बाया आहेत. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशीचा रेडिओ सुरू झाला. आज आपण इथे बसून बोलतोय ते त्याच दारातून आत येऊन. ओर्वकलच्या बायांचं यंत्र गेलं, पण त्यांचा प्रश्न गेला नाही.

आता यंत्राकडे परत.

हैदराबादला अशर फरहान नावाचे एक हौशी रेडिओवाले आहेत. सुमारे वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका लहान यंत्राचा आराखडा तयार केला, नाव ‘बिटेक्स’. बोलायचंही आणि ऐकायचंही. ताकद पाच-सहा वॅट, म्हणजे घरातल्या एका लहान एलईडी दिव्याएवढी. परदेशातून महाग भाग मागवायला लागू नयेत, आपल्या बाजारात मिळेल त्यातच व्हावं, हा विचार. त्यातली एक कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर तांब्याची बारीक तार गुंडाळून करायची. नळाचा वॉशर, बायांनो! हा आराखडा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि जगभरच्या माणसांनी तो आपापल्या टेबलावर जोडला.

पुढे याच यंत्राचे तयार भाग विकायला आले, तेव्हा त्यातल्या कॉइली गुंडाळायचं काम हैदराबादच्या बायकांच्या एका गटाने केलं. कडीएवढ्या गोल गाभ्यावर केसासारखी तार, मोजून वेढे, एकही कमी-जास्त नाही. गोधडीला टाके घालणाऱ्या, मोती ओवणाऱ्या हातांना हे परकं नाही. त्या यंत्राची एक जात चाळीस मीटरच्या पट्ट्यात बोलते. तुम्हाला ४२.३४ हा आकडा आठवत असेल. उषाताईंचा आवाज गेला तो त्याच पट्ट्यातून.

आणखी एका बाईंचं नाव घेते. भारती प्रसाद. डिसेंबर २००४ मध्ये त्या हौशी रेडिओची मोहीम घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. नेहमीचे फोन कोलमडले. त्यांच्याकडे यंत्र होतं, तार होती आणि मुख्य म्हणजे ते चालवायची विद्या होती. त्यांनी हॉटेलबाहेर आपलं केंद्र मांडलं आणि बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोचवले. कुणी जिवंत आहे, कुणी सापडत नाही. त्या वेळी दुरुस्तीच्या दादांची वाट बघत बसायची सोय नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. माइकपुढे बोलायला आपण शिकलो, त्याचं कौतुक झालं, होऊ दे. पण आवाज आपला आणि चावी दुसऱ्याची, असं किती दिवस? हे फक्त रेडिओचं नाही. पिठाची गिरणी बचत गटाची असते, पट्टा तुटला की माणूस बोलवायचा. मोबाइलवरचा गटाचा हिशेब आपला असतो, पासवर्ड कुणाच्या तरी भाच्याला माहीत. तो चांगला असेल, त्यात शंका नाही. पण तो लग्नाला गेला तर? उद्या गाव सोडून गेला तर? कुणी त्याच्यावर दबाव आणला तर? पारेखवाडीची गोष्ट हाच प्रश्न विचारते.

एक काळजीची सूचनाही देते. कायद्याने, परवाना नसताना बोलतं यंत्र लावायचं नाही. आपल्या केंद्राला परवाना आहे, म्हणून आपण बोलतो. ज्या मुलींना हौशी रेडिओ करायचा असेल त्यांच्यासाठी सरकारची परीक्षा असते, बारा वर्षं पूर्ण झालेली मुलगीही तिला बसू शकते. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारा. आणि ऐकायचा साधा रेडिओ जोडून बघायला तर घरच्या टेबलाएवढी जागा पुरते. मात्र जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना उघड्या हाताने शिवू नका, त्यातली वीज जिवावर बेतू शकते.

आपल्या केंद्रात त्या पावसाळ्यानंतर आम्ही एक वही केली आहे. ट्रान्समीटरचं बटण कुठलं, फ्यूज कुठे, कुठला दिवा लागला तर काय समजायचं, अँटेनाचा जोड कसा उघडायचा आणि त्याआधी यंत्र बंद करायचंच करायचं, हे सगळं चित्रं काढून लिहिलंय. दादांना समोर बसवूनच लिहिलं. त्यांनीही हसत शिकवलं. म्हणाले, ‘तुम्ही विचारलंच नव्हतं कधी.’ खरंच, विचारलं नव्हतं. पावसाळा तोंडावर आलाय. यंदा गच्चीवर आमच्यातल्या दोघी चढणार आहेत, पदर खोचून, पाना हातात घेऊन.

तुमच्या गटातल्या एखादीला ही वही बघायची असेल, हात लावून शिकायचं असेल, तर शनिवारी दुपारी केंद्रावर या. चहा आम्ही करू. आणि ज्या आजींनी लहानपणी घरातल्या माणसांकडून बेचाळीस सालच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यांनी जरूर यावं. तुमचा आवाज आम्हाला जपून ठेवायचा आहे, तो पोलिसांच्या वहीत नको, आपल्याच वहीत.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.